रत्नागिरीच्या सड्यावर आजही चढणारी जीप भारतात आणणारे के. सी. महिंद्रा कोण होते?

मे महिना संपत आला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गॅरेजांत एक ठरलेलं काम सुरू होतं. आंब्याचा हंगाम आटोपलेला असतो. कलमांच्या बागेतून पेट्या वाहून दमलेली जुनी जीप गॅरेजमध्ये उभी केली जाते. मिस्त्री गाडीखाली शिरतो, चॅसिसवरचा खाऱ्या हवेचा गंज खरवडतो, मागचे पाटे उघडतो आणि तुटलेला पाटा बदलून देतो. पावसाळ्याची तयारी झाली.

शेजारच्या गाडीचं काम मात्र वेगळं असतं. तिला दुरुस्ती नकोय, तिला बदल हवाय. मोठे टायर, दोन इंच जास्त उंची, पुढे विंच, बॉनेटच्या बाजूने वर गेलेला स्नॉर्केल. ही गाडी पावसात डोंगर चढायला आणि चिखलात उतरायला तयार होतेय.

दोन्ही गाड्यांवर नाव एकच असतं, महिंद्रा. हे नाव आज सगळ्यांना माहीत आहे, पण ज्या माणसाने ही जीप भारतात आणायचं ठरवलं त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तो माणूस म्हणजे कैलासचंद्र महिंद्रा, अर्थात के. सी. महिंद्रा.

या गाडीत लोक इतके बदल का करू शकतात, आणि त्यातले कोणते बदल करावेत, याचं उत्तरही त्यांच्याच गोष्टीत सापडतं.

लुधियाना ते केंब्रिज

के. सी. यांचा जन्म १८९४ सालचा, पंजाबातल्या लुधियानाचा. नऊ भावंडांचं मोठं कुटुंब. वडील लवकर गेले आणि घराची जबाबदारी थोरले भाऊ जगदीशचंद्र, म्हणजे जे. सी. यांच्यावर आली. जे. सी. तेव्हा स्वतःच तरुण होते. त्यांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षण घेतलं होतं आणि भावंडांनी शिकलंच पाहिजे यावर ते ठाम होते.

के. सी. आधी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकले. पुढे भावाच्या आग्रहामुळे आणि पाठिंब्यामुळे ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले. वडील नसलेल्या घरातला मुलगा त्या काळात केंब्रिजला पोचतो, यामागे थोरल्या भावाचे कष्ट होते. दोघा भावांचं हे नातं पुढे कंपनीचाही पाया ठरलं.

परत आल्यावर के. सी. कलकत्त्याच्या मार्टिन अँड कंपनीत रुजू झाले. सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांची ही कंपनी त्या काळातली बांधकाम क्षेत्रातली मोठी कंपनी होती. कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल याच कंपनीने बांधलं. मुख्य रेल्वेमार्ग पोचत नव्हते अशा भागांत छोट्या रुळांच्या गाड्याही ही कंपनी चालवायची. जिथे नीट वाट नाही तिथे माणसं आणि माल कसा न्यायचा, हा प्रश्न के. सी. यांना जवळून पाहायला मिळाला तो इथे.

के. सी. यांना लिहिण्याचीही आवड होती. त्यांनी नियतकालिकाचं संपादन केलं आणि १९३३ मध्ये राजेंद्रनाथ मुखर्जींचं चरित्रही लिहिलं. इंजिनिअर नसलेला, पण यंत्रांच्या आणि उद्योगांच्या जगात रमलेला माणूस अशी त्यांची ओळख होत गेली.

तिकडे जे. सी. टाटा स्टीलमध्ये विक्री विभाग सांभाळत होते. दुसरं महायुद्ध सुरू झालं, पोलादाचा तुटवडा झाला आणि सरकारने जे. सी. यांना देशाचे पहिले पोलाद नियंत्रक नेमलं. १९४२ मध्ये के. सी. यांच्यावरही मोठी जबाबदारी आली. अमेरिकेत भारतासाठी सामान खरेदी करणाऱ्या सरकारी मंडळाचे प्रमुख म्हणून त्यांना वॉशिंग्टनला पाठवण्यात आलं.

याच मुक्कामात त्यांची जीपशी ओळख झाली.

४९ दिवसांत तयार झालेली गाडी

जीपची गोष्ट त्याच्या दोन वर्षं आधी सुरू झाली होती. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना एक मागणी कळवली. हलकी, छोटी, चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी हवी होती आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. एवढ्या कमी वेळात काम करायला फारच थोड्या कंपन्या पुढे आल्या.

त्यातली एक होती पेनसिल्व्हेनियातली छोटी बँटम कंपनी. तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं आणि त्याने अवघ्या काही दिवसांत गाडीचा आराखडा काढून दिला. २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी लष्कराच्या चाचणी केंद्रावर हजर झाली.

दुसरी कंपनी होती विलीज-ओव्हरलँड. तिचे मुख्य इंजिनिअर होते बार्नी रूस. त्यांच्याकडे २.२ लिटरचं, ६० हॉर्सपॉवरचं दणकट इंजिन होतं, पण ते जड होतं. लष्कराने वजनाची मर्यादा घातली होती २,१६० पौंड, म्हणजे सुमारे ९८० किलो. रूस यांनी इंजिन सोडलं नाही. त्याऐवजी त्यांनी बाकीची अख्खी गाडी सुटी केली आणि प्रत्येक भागाचं वजन कमी केलं. बोल्ट गरजेपेक्षा लांब असतील तर तेही कापले. रंगाच्या थराचंसुद्धा वजन मोजलं, असं सांगतात.

शेवटी लष्कराने विलीजची रचना निवडली आणि फोर्डलाही तीच गाडी बनवायला सांगितली. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून जास्त जीप बनवल्या.

ही गाडी रणांगणावर दुरुस्त व्हावी म्हणून बनवली होती. शिडीसारखी सरळ चॅसिस, तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. पुढे आणि मागे लोखंडी अ‍ॅक्सल, त्यांना धरणारे साधे कमानी पाटे. गिअरबॉक्सला जोडलेली ट्रान्सफर केस, जी एका लिव्हरने चारही चाकं जोडते आणि दुसऱ्या लिव्हरने लो गिअर देते. कोणताही भाग साध्या अवजारांनी सुटतो, आणि जो भाग सुटतो त्याच्या जागी दुसरा बसवता येतो.

म्हणजे गाडी जन्मतःच बदलायला सोपी होती. १९४५ मध्ये विलीजने सामान्य ग्राहकांसाठी पहिली जीप आणली तेव्हा खुद्द कंपनीनेच तिच्यात बदल केले. मागे उघडणारं फळकं आलं, शेतीची यंत्रं चालवण्यासाठी ताकद बाहेर काढायची सोय आली. अ‍ॅक्सलचा रेशो ४.८८ वरून ५.३८ झाला, म्हणजे वेग थोडा कमी पण ओढ जास्त.

के. सी. यांची अमेरिकेत बार्नी रूस यांच्याशी भेट झाली आणि ही गाडी भारतातल्या रस्त्यांसाठी योग्य आहे याची त्यांना खात्री पटली, असं कंपनीच्या इतिहासात सांगितलं जातं. त्यांचा हिशोब समजायला सोपा आहे. भारतातल्या बहुतेक गावांना तेव्हा पक्का रस्ता नव्हता आणि गावात गाडी बिघडली तर मदतीला असणार होता फार तर एखादा लोहार. अशा देशाला रस्त्याची वाट न पाहणारी आणि लोहाराच्या हाताखाली चालू होणारी गाडी हवी होती.

भागीदार गेला, भाऊ गेला

२ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत कंपनी स्थापन केली. नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. सुरुवातीचा धंदा पोलादाच्या व्यापाराचा.

दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. पुढे १९५१ मध्ये ते पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल बनले आणि १९५५ च्या प्रजासत्ताक दिनाला भारताचे प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत आले. इकडे कंपनीच्या नावातला मोहम्मद गेला आणि १९४८ मध्ये ती महिंद्रा अँड महिंद्रा झाली. नावाची आद्याक्षरं तीच राहिली, एम अँड एम.

भागीदार सोडून गेला तो काळ कंपनीसाठी सर्वांत नाजूक होता. पोलादाचा व्यापार सुरू होता आणि तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण भावांनी जीपचा मार्ग धरला. विलीजकडून सुट्या भागांत गाड्या मागवण्यात आल्या. पहिली खेप ७५ गाड्यांची होती. मुंबई बंदराला लागून असलेल्या माझगावात त्यांची जुळणी सुरू झाली.

त्याच सुमारास जीप या शब्दाला देशात एक वाईट वासही लागला होता. काश्मीरच्या युद्धात लष्कराला जीप तातडीने हव्या होत्या. १९४८ मध्ये लंडनहून वापरलेल्या जीप घेण्याचा व्यवहार झाला. २,००० गाड्यांची बोलणी झाली होती, आल्या १५५ आणि त्याही चालवण्यालायक नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा म्हणून ते प्रकरण आजही सांगितलं जातं. त्याचा महिंद्रांशी काही संबंध नव्हता. पण इतक्या गरजेची गाडी बाहेरून विकत घेत राहणं किती धोक्याचं आहे हे त्यातून देशाला कळलं.

१९५१ मध्ये जे. सी. यांचं निधन झालं. ज्या भावाने शिकवलं, ज्याच्यासोबत कंपनी काढली, तो गेला. कंपनीची धुरा आता के. सी. यांच्याकडे होती आणि ते साठीच्या जवळ आले होते.

जुळणी सोडून निर्मितीकडे

सुटे भाग मागवून जोडणं आणि गाडी स्वतः बनवणं यात मोठा फरक आहे. जुळणी करणाऱ्याला पाना चालवता आला की पुरतं. निर्मिती करणाऱ्याला पोलाद, ओतकाम, गिअर कापणं, इंजिनचा ब्लॉक घडवणं असं सगळं उभं करावं लागतं.

१९५४ पासून महिंद्रांनी अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने टप्प्याटप्प्याने जीप भारतात बनवायला सुरुवात केली. कांदिवलीचा कारखाना या कामाचं केंद्र बनला. त्यासाठी निवडलेलं मॉडेल होतं सीजे-३बी. आधीच्या जीपपेक्षा उंच इंजिन बसवायचं म्हणून विलीजने तिचं बॉनेट उंच केलं होतं. त्यामुळे ती थोडी बेढब दिसायची. पण जुन्या चॅसिसवर नवं इंजिन बसवता येतं, याचा तो कंपनीनेच दिलेला पुरावा होता.

भारतात तिच्यात आणखी बदल झाले. स्टिअरिंग उजवीकडे आलं. एक-एक भाग परदेशी यादीतून उतरून देशी यादीत चढत गेला. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये बंद झाली. भारतात तिचा वंश त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिला.

या काळात रत्नागिरी कशी होती? रेल्वे नव्हती, ती यायला १९९० चं दशक उजाडायचं होतं. मुंबईहून येणारा चाकरमानी बोटीने यायचा आणि होडीतून किनाऱ्याला उतरायचा. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरी जिल्ह्यातच होता. कोल्हापूरकडे जायला आंबा घाट, कऱ्हाडकडे जायला कुंभार्ली घाट. वाड्या-वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटा म्हणजे पाखाड्या, पाणंदी आणि पावसाळ्यात भरून वाहणारे पऱ्हे. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या अशा मुलखात चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीची गरज कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

१९५२ मध्ये देशभर समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी गावात येऊ लागला तो जीपमधून. सरकार म्हणजे धुरळा उडवत येणारी जीप, हे चित्र दोन पिढ्यांच्या मनात पक्कं बसलं.

लष्कराने तर जीपचं रूपच पालटलं. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी ज्या गाडीवरून पाकिस्तानी रणगाडे फोडले, ती १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवलेली जीप होती. हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. गरजेनुसार बदललेल्या जीपचं याहून मोठं उदाहरण भारतात नाही.

जीपपलीकडचे के. सी.

के. सी. फक्त गाड्यांचे माणूस नव्हते. १९४६ मध्ये सरकारने देशातल्या कोळसा खाणींचा अभ्यास करायला समिती नेमली तिचे ते अध्यक्ष होते. पोलाद, कोळसा आणि वाहन या तिन्हींकडे ते एकाच साखळीतले दुवे म्हणून पाहत असावेत, हे त्यांच्या कामावरून दिसतं. खोपोलीला महिंद्रा युजिन हा पोलाद कारखाना उभा राहिला तोही याच काळात.

१९५३ मध्ये त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट स्थापन केला. तो आजही के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट या नावाने चालतो. परदेशात उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याची बिनव्याजी शिष्यवृत्ती मिळते. मुलींच्या शिक्षणासाठीचा नन्ही कली हा उपक्रमही याच ट्रस्टने १९९६ मध्ये सुरू केला. थोरल्या भावाच्या हट्टामुळे केंब्रिजला पोचलेल्या माणसाने हा ट्रस्ट का काढला असेल, हे वेगळं सांगायला नको.

१९६३ मध्ये के. सी. यांचं निधन झालं. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव केशुब महिंद्रा अध्यक्ष झाले आणि पुढे जवळपास पाच दशकं त्यांनी कंपनी सांभाळली. त्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टर कंपनीही स्थापन झाली. ट्रॅक्टरच्या या नात्याचा फायदा पुढे जीपलाही झाला.

पेट्रोलवरून डिझेलवर

विलीजचं पेट्रोल इंजिन दणकट होतं, पण तहानलेलं. पेट्रोल महाग झालं तशी जीप परवडेना. मग ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं. त्यानंतर फ्रान्सच्या प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन आलं आणि १९८० च्या दशकात त्यावर चालणारी एमएम ५४० आली. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर ९१ इंच, मूळ जीपचं ८०. कोकणात बागायतदारापासून ठेकेदारापर्यंत सगळ्यांकडे दिसणारी जीप ती हीच. वडापची लांब कमांडरही याच कुटुंबातली.

२०१० मध्ये थार आली. २ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे कंपनीच्या स्थापना दिनीच, नवी थार बाजारात आली. तिचे कमानी पाटे गेले आणि चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आले. पण वेगळी चॅसिस, ट्रान्सफर केस आणि लो गिअर या १९४० च्या तीन गोष्टी तिच्यातही आहेत. म्हणूनच गॅरेजमध्ये जुन्या ५४० च्या शेजारी नवी थारही उभी दिसते.

मग गाडीत नेमकं काय बदलायचं?

जीप बदलण्याचा के. सी. यांच्या काळापासूनचा नियम साधा आहे. गरज पाहायची आणि तेवढंच बदलायचं. रत्नागिरीच्या जमिनीवर हा नियम असा लागू होतो.

सगळ्यात आधी टायर. बाकी काहीही करण्याआधी चांगल्या नक्षीचे टायर घेतले तर सर्वाधिक फरक पडतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. त्याच्या धारदार कडा टायरची बाजू कापतात, म्हणून जाड भिंतीचा टायर हवा. वाळूत किंवा चिखलात हवा ३० पाँडवरून १५ ते १८ पाँडपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि पकड वाढते. हे फुकटातलं मॉडिफिकेशन आहे. डांबरी रस्त्यावर येताच हवा परत भरायची मात्र विसरायची नाही.

दुसरं, उंची. पाटे आणि शॅकल बदलून दोन इंच लिफ्ट घेतली तर गाडीचं पोट दगडाला लागत नाही आणि मोठं टायर बसतं. पण उंची वाढली की गाडीचा तोल वर सरकतो आणि आडव्या उतारावर ती लवकर कलंडते. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकचा पाइप ताणला जातो, शॉकअप अपुरे पडतात. फार मोठे टायर लावले तर इंजिनवर ताण येतो, ब्रेक उशिरा लागतात आणि स्पीडोमीटर वेग कमी दाखवतो. एक भाग बदलला की त्याच्याशी जोडलेले चार भाग बदलावे लागतात.

तिसरं, डिफरन्शियल लॉक. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत लटकलं की तेच गरागरा फिरतं आणि जमिनीवरचं चाक स्वस्थ राहतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एका वेगाने फिरतात. फोर बाय फोर असूनही गाडी का अडकते, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

चौथं, पाणी. स्नॉर्केलमुळे इंजिन उंचावरून हवा घेतं. इंजिनाने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अख्खं इंजिन उतरवायची वेळ येते. पण स्नॉर्केल लावला म्हणून गाडी होडी होत नाही. गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आत पाणी खेचतो, म्हणून त्याची श्वासनळीही वर न्यावी लागते. आणि पावसाळ्यातला पऱ्हा किती खोल आहे यापेक्षा किती वेगाने वाहतोय हे महत्त्वाचं असतं. गुडघाभर वेगवान पाणीही गाडी वाहून नेऊ शकतं.

पाचवं, विंच. ती झाडाला बांधायची तर रुंद पट्टा वापरायचा, नाहीतर झाडाची साल सोलली जाते. ताणलेली लोखंडी दोरी तुटली तर चाबकासारखी येते, तेव्हा आसपास कुणी उभं राहायचं नाही.

आणि शेवटचं, गंज. समुद्राजवळच्या गाडीचा खरा शत्रू तोच. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने खालून धुणं हे कोणत्याही महागड्या सामानापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

कायदा काय म्हणतो?

इथे मोठी अडचण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. समोरच्या लोखंडी बुल बारवरही केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. पादचाऱ्याला धडक बसली तर तो बार जीवघेणा ठरतो.

इंजिन बदलण्यासारख्या कामाला आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. विमा कंपनीला न सांगता केलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडकू शकतो. म्हणून स्पर्धेसाठी पूर्ण बदललेल्या गाड्या अनेक जण रस्त्यावरून न चालवता ट्रेलरवर चढवून नेतात.

ज्या गाडीचा सगळा इतिहासच बदलांचा आहे, तिच्यात मालकाला बदल करता येत नाही, हे अनेकांना खटकतं. पण के. सी. यांच्या काळातले बदल आणि गल्लीतल्या गॅरेजमधले बदल यात एक फरक आहे. कारखान्यात एक भाग बदलला की त्याच्याशी जोडलेले सगळे भाग तपासले जायचे आणि गाडी चाचणीला जायची. गॅरेजमध्ये ही जबाबदारी कुणाचीच नसते. कायद्याचा आक्षेप मुळात त्यावर आहे.

गाडी कुठेही जाऊ शकते, पण न्यावी का?

रत्नागिरीत हा प्रश्न जास्तच गंभीर आहे. जिल्ह्यातल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी, बारसू इथली चित्रं जांभ्यात कोरलेली आहेत आणि त्यांची खोली मोजक्या सेंटीमीटरची असते. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. माती आणि गवताखाली अजून किती असतील ते सांगता येत नाही. दोन टनांची गाडी त्यावरून एकदा गेली की झालेलं नुकसान कोणताही मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही.

किनाऱ्यावरही तेच. वेळास, आंजर्ले, गुहागर भागांत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. वाळूवरून गाडी फिरवणाऱ्याला खाली घरटं आहे हे दिसतही नाही.

के. सी. महिंद्रांनी ही गाडी निवडली ती जिथे रस्ता नाही तिथल्या माणसापर्यंत पोचायला. डॉक्टर, ग्रामसेवक, जवान, आंब्याची पेटी, आजारी माणूस, सगळ्यांना तिने पोचवलं. आजही पावसात रस्ता खचला, दरड आली की मदतीला आधी निघते ती चारही चाकांवर चालणारी गाडीच. लांब दोरी, चांगले टायर आणि चालू विंच असलेली जीप तेव्हा गावाच्या कामी येते.

म्हणूनच पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गाडी उंच करायला टाकताना एक प्रश्न आधी विचारायला हवा. ही गाडी कुणापर्यंत पोचणार आहे? उत्तर मिळालं की काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं हे मिस्त्रीही नीट सांगतो.